उलटं चालण्याचा मान

“फादर, माझ्या माणसांना तुम्ही खायला तरी काय घालता?”

फादर इनास ओटीवर वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“वाल.”

जेरोम उन्हातून आला होता. खाडीवरचा साकव ओलांडून, टेकडीची वाट चढून. वाटभर हा प्रश्न त्याने तोंडात घोळवला होता, त्याला धार लावली होती. म्हाताऱ्यांनी एका शब्दात ती बोथट करून टाकली.

खरं तर धर्मगुरूला असं अरेतुरे करू नये. करवंडी गावात त्याला सगळे फादर जेरोम म्हणतात, त्याचा पांढरा झगा दिसला की सायकलवाले खाली उतरतात. पण गुरूच्या ओटीवर आलेला चेला कितीही मोठा झाला तरी चेलाच. या ओटीवर त्याला जेरोमच म्हणायचं.

सेमिनरीत फादर इनासांनी त्याला शिकवलं होतं. प्रवचन कसं करावं हे शिकवलं आणि कुठे थांबावं हेही शिकवलं. जेरोमने त्यातलं पहिलं फार चांगलं उचललं.

आता म्हातारे निवृत्त होऊन टेकडीवरच्या चॅपेलमागे राहत होते. एक खोली, एक ओटी, ओटीवर एक बाक. अंगणात कोंबड्या फिरायच्या, त्याही दुसऱ्या कुणाच्या.

आणि त्या एका बाकापायी गेला महिनाभर जेरोमच्या पोटात आग पडली होती.

“बस ना,” फादर म्हणाले.

बसायला तोच बाक होता. जेरोम उभा राहिला.

करवंडीत दोन पाखाड्या, म्हणजे दोन वस्त्या. दर्याकडची बंदरपाखाडी, मासेमारी करणाऱ्यांची. आतली मळापाखाडी, केळी आणि पानवेली लावणाऱ्यांची. चर्च एक, क्रूस एक, मेल्यावर पुरायची जागा एक. माऊलीही एकच, पण ती गावात कशी आली याच्या गोष्टी मात्र दोन. बंदरवाले म्हणतात, मरियामाऊलीची मूर्ती आमच्या पणजोबांच्या जाळ्यात आली. मळेवाले म्हणतात, जाळ्यात मासे येतात, मूर्ती आमच्या विहिरीच्या खोदकामात सापडली. खरं काय ते माऊलीला ठाऊक, आणि ती बोलत नाही.

सणाच्या दिवशी माऊलीची डोली निघते, चर्चपासून बंदरावरच्या क्रूसापर्यंत. पुढच्या दांड्यांना खांदा देणाऱ्यांचा मान मोठा. मागच्यांना कोण विचारतो? त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कुरबुर चालायची. पण कुरबुर म्हणजे कुरबुरच. सणाचं जेवण वाढलं की संपायची.

जेरोम आला आणि त्याने ठरवलं, ही कुरबुर मुळासकट उपटायची.

त्याने एकोपा समिती काढली. अध्यक्ष स्वतः झाला. रस्ता मोजून बरोबर मध्यावर चुन्याची पट्टी मारली. पट्टीपर्यंत पुढचे दांडे बंदराचे, पट्टीपलीकडे मळ्याचे. इतका सोपा न्याय आजवर कुणालाच कसा सुचला नाही, याचं त्याला मनापासून नवल वाटलं.

झालं. बंदराने आपल्या जाळ्याच्या दोरीने रस्ता पुन्हा मोजला, मळ्याने आपल्या बांबूने. दोरी ओली, बांबू वाकडा. एका रस्त्याला तीन मध्य निघाले.

गेल्या सणाला डोली पट्टीवर पोचली तेव्हा बंदरवाले थांबेनात, त्यांचा मध्य पुढे होता. मळेवाले त्यांना जाऊ देईनात, त्यांचा मध्य मागेच होऊन गेला होता. शिव्या झाल्या, सदरे फाटले. शेवटी डोली रस्त्यावर टेकली. कुणाच्या आठवणीत ती कधी टेकली नव्हती. माऊली भर उन्हात डांबरावर उभी, आणि दोन्हीकडच्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या.

तेव्हापासून बंदर सकाळच्या पहिल्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला येतं, मळा दुसऱ्या. एकमेकांच्या लग्नाला कुणी जात नाही. मयतालासुद्धा खांदेकरी आपापले. आणि बिशपांचा निरोप आला होता. यंदा दोन्ही पाखाड्या एक झाल्याचं फादर जेरोम कळवतील तरच डोली निघेल, नाहीतर माऊली चर्चमध्येच राहील.

सण तर तोंडावर आला होता.

जेरोमने काय नाही केलं? प्रवचनं केली, घरोघर फिरला, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना एकाच वेळी चहाला बोलावलं. बंदराचा पास्कू तांडेल आला नाही, कारण मळ्याचा बावतीस येणार होता. बावतीस आला नाही, कारण पास्कू येणार होता. जेरोमने बिस्किटं एकट्याने खाल्ली.

आणि हेच दोघं, पास्कू आणि बावतीस, फादर इनासांच्या बाकावर शेजारी शेजारी बसून वाल सोलताना लोकांनी पाहिले. ज्याने ही बातमी आणली त्याला वाटलं, फादर खूश होतील. जेरोम हसला, देवाची कृपा म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही.

“तुमच्याकडे बंदरवाले येतात,” तो आता म्हणाला.

“येतात.”

“मळेवालेही.”

“सुकेळी आणतात. आत डब्यात आहेत, घे.”

“मला नकोत.”

सुकेळी, ती वाळवलेली केळी, जेरोमला जीव की प्राण. मळ्याने त्याला आजवर एकदाही आणून दिली नव्हती.

“ती माझी माणसं आहेत, फादर.”

म्हाताऱ्यांनी एक शेंग मोडली. दाणे टोपात पडले.

“तुला हवंय तरी काय, जेरोम?”

“एकी.”

“त्यांची?”

“त्यांचीच की. माझं काय आहे त्यात?”

“मग झाली.”

“काय झाली?”

“एकी.”

कोंबडी ओटीच्या पायरीवर चढली, फादरांनी तिला एक किडका दाणा टाकला. मग त्यांनी जे घडलं ते सांगितलं. घडलं होतंच थोडं, त्यामुळे सांगायलाही फार वेळ लागला नाही.

एका दुपारी पास्कू मळ्याची तक्रार घेऊन आला आणि बाकावर बसला. त्याच्या मागोमाग बावतीस बंदराची तक्रार घेऊन आला. बाक एकच. एकमेकांसमोर तक्रार करता येईना. आणि आधी उठून जाताही येईना, कारण जो मागे राहील तो आपली बाजू सांगून मोकळा होणार. दोघं दोन टोकांना बसून राहिले. फादरांनी मध्ये वालाची टोपली ठेवली आणि आत जाऊन झोपले. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती, टोपली रिकामी होती, आणि पास्कू बावतीसला सांगत होता की मळेवाल्यांना शेती येते पण शेंग सोलता येत नाही.

दुसऱ्या वेळेला ते ठरवून आले. मग आणखी चौघं आले. महिनाभरात अख्ख्या टेकडीचे वाल सोलून झाले.

आता त्यांचं ठरलं होतं. प्रत्येक दांड्याला एक बंदराचा, एक मळ्याचा. आणि गेल्या वर्षी जिथे पट्टी होती, तिथे डोली खाली न टेकवता, खांद्यावर असतानाच, पुढचे मागे जातील आणि मागचे पुढे येतील.

“ही कल्पना कुणाची?” जेरोमने लगेच विचारलं.

“तेच आता त्यांना आठवत नाही,” फादर म्हणाले.

जेरोमने इथे गुडघे टेकायला हवे होते. ज्या गोष्टीसाठी त्याने दोन वर्षं घसा कोरडा केला, ती झाली होती. पण तो उभाच राहिला. त्याला मत्सर वाटला, साधा, उघडा मत्सर, शेजारणीच्या हातात नव्या पाटल्या बघून व्हावा तसला. आपण राबराब राबायचं, आणि हा म्हातारा झोपून उठतो तर एकी तयार.

“मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“घाबरले.”

“मला? मी काय कुणाला...”

“तुला आनंद होईल, याची त्यांना खात्री नव्हती.”

...

फादर पुन्हा शेंगा मोडू लागले. जेरोमच्या कानशिलांना उन्हाने चटका बसला होता, निदान त्याने तसं स्वतःला सांगितलं.

“आणखी एक आहे,” फादर म्हणाले. “ते म्हणतात, धुपाटणं मी धरावं.”

आता हे धुपाटण्याचं प्रकरण करवंडीबाहेरच्याला सांगायला हवं. डोलीच्या पुढे एक जण साखळीचं धुपाटणं हलवत चालतो. तो माऊलीकडे तोंड करून चालतो, म्हणजे चर्चपासून क्रूसापर्यंत अख्खी वाट उलटी. माऊलीला पाठ दाखवायची नाही, अशी रीत. खांदेकऱ्यांना माऊलीचा चेहरा दिसत नाही, पुढच्यांच्या ती मागे असते आणि मागच्यांना तिची पाठ दिसते. वाटभर तिचं मुख पाहत चालणारा तो एकटाच. म्हणून हा मान सगळ्यात मोठा, आणि तो चर्चच्या प्रमुख धर्मगुरूचा.

पण उलट्या चालणाऱ्याला रस्ता दिसत नाही. तेव्हा त्याच्या पाठीला पाठ लावून आणखी एक जण चालतो. एक हात मागे करून तो त्याच्या कमरेचा पट्टा धरतो, आणि पुढे बघून दगड, गटार, वळण सांगत जातो. त्याला माऊली दिसत नाही, डोली दिसत नाही, आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. हे काम बहुधा चर्चचा घंटावाला करतो.

“धुपाटणं माझं असतं,” जेरोम म्हणाला.

“असतं खरं.”

“आजवरची रीत आहे ती.”

“गेल्या सणाला तुझ्या हातात धुपाटणं होतं?”

गेल्या सणाला धुपाटणं जेरोमने एका सेमिनरीवाल्याला दिलं होतं, कारण तो स्वतः पट्टीवर पंच म्हणून उभा होता.

“काय होतं तुझ्या हातात?”

“...शिट्टी.”

फादर हसले नाहीत. हसले असते तर जेरोमला बरं वाटलं असतं.

“मी त्यांना नाही म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “माझे गुडघे दुखतात, हे काही खोटं नाही.”

“मग ते डोली उचलतील?”

“ते मी कसं सांगू? नवी गाठ आहे. घट्ट बसली असेल, नसेल. तू त्यांना विचार.”

“आणि नाही उचलली तर?”

“नाही उचलली तर नाही उचलली. बिशपांना काय कळवायचं ते तुझ्या हातात आहे.”

जेरोम ओटीच्या खांबाला टेकला. त्याच्या मनात एक विचार आला. डोली उठली नाही तर लोक म्हणतील, बघा, मोठ्या फादरांची एकीसुद्धा टिकली नाही. मग कुणी असं म्हणणार नाही की फादर जेरोमला जमलं नाही. हा विचार जिभेवर सुकेळं ठेवावं तसा त्याच्या मनात विरघळला, गोड लागला. आणि मग त्याची त्यालाच भीती वाटली.

फादर इनासांनी टोप बाजूला सारला आणि बाकाला धरून उठले.

“पण गुडघे खरंच चालतात की नाही, ते तरी बघू या. धर मला.”

“कशाला?”

“नाही म्हणायचं तर खरं म्हणावं. चल, खाली ये.”

अंगणात त्यांनी पाणी प्यायचा तांब्या हातात घेतला, तेच धुपाटणं. चॅपेलच्या दाराकडे तोंड केलं. जेरोमने त्यांच्या पाठीला पाठ लावली आणि हात मागे करून त्यांच्या झग्याचा पट्टा पकडला. त्याला हे सगळं पोरखेळासारखं वाटत होतं. वरचं चॅपेल, खालची खाडी, मध्ये दोन धर्मगुरू पाठीला पाठ लावून कोंबड्यांच्या मधून चाललेले.

“पायरी,” जेरोम म्हणाला. फादरांनी पाऊल सावकाश टाकलं.

“उजवीकडे. माडाचं मूळ.”

फादर चालत होते. गुडघे कुरकुरत होते, पण चाल नीट होती. तांब्या डावीउजवीकडे झुलत होता, आणि ते काहीतरी गुणगुणत होते, त्या रिकाम्या अंगणात, माऊली समोर असल्यासारखे. जेरोमने मान पूर्ण वळवून खांद्यावरून पाहिलं, अर्धा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर असं काही होतं की बंदर आणि मळा इथे का येतात, ते त्याला त्या क्षणी कळलं. कळल्याने त्याला जास्तच लागलं. हे आपल्याला कधी येणार नाही, त्याला वाटलं. आपण मरेपर्यंत समित्या काढत राहणार.

त्याने मान पुढे केली. समोर धुण्याचा दगड होता.

त्याला तो स्वच्छ दिसला. तो स्वतः त्याला वळसा घालून गेला. शब्द ओठांपर्यंत आला होता.

फादर इनास अडखळले आणि कोसळले. तांब्या गडगडत गेला, कोंबड्या ओरडत पांगल्या. जेरोमच्या हातातला पट्टा कधी सुटला, त्याचं त्यालाच समजलं नाही.

त्याने त्यांना उठवून दगडावर बसवलं. तळहात सोलवटला होता, मातीत थोडं रक्त उतरलं होतं. फादर हातावर फुंकर घालत बसले.

...

“दिसला होता ना दगड?”

जेरोमला खोटं बोलता आलं असतं. ऊन डोळ्यांवर आलं म्हणता आलं असतं, आणि फादरांनी ते मानलंही असतं.

“दिसला होता.”

“मग?”

“सांगायला... उशीर केला.”

ते एवढं एक वाक्य बोलल्यावर त्याला रडू फुटलं. मोठा, सहा फुटी माणूस, धुण्याच्या दगडाजवळ उकिडवा बसून रडू लागला. दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं. लोक तुमच्याकडे येतात, मला ते बघवत नाही, म्हणाला. माझ्या चर्चमध्ये येऊन ते तुमची आठवण काढतात, मला ते ऐकवत नाही. त्यांनी एक व्हावं असं मला वाटतं, पण ते माझ्या हातून व्हावं, नाहीतर होऊच नये, असंही वाटतं. देवाच्या वेदीवर उभा राहून मला असं वाटतं, फादर.

फादर इनासांनी ऐकून घेतलं. पाठीवर हात मात्र ठेवला नाही.

“मला क्षमा करा,” जेरोम म्हणाला.

“करीन. आधी तांब्या आण.”

तो तांब्या घेऊन आला. फादर उठून पुन्हा चॅपेलकडे तोंड करून उभे राहिले होते.

“आता कशाला, फादर? हात बघा तुमचा.”

“अंगण अर्धंच झालंय.”

जेरोमने पाठीला पाठ लावली. या वेळी पट्टा मुठीत घट्ट धरला.

“तो मत्सर गेलेला नाही माझा,” तो पुढे बघत म्हणाला. “आत्ताही आहे.”

“राहू दे,” मागून आवाज आला. “पट्टा सोडू नकोस म्हणजे झालं.”

दोघांनी अंगणाची राहिलेली फेरी पुरी केली. जेरोमने दगड सांगितला, मूळ सांगितलं, पायरी सांगितली. कोंबडी आडवी आली तीही सांगितली.

जाताना त्याने बिशपांना होकार कळवतो म्हणून सांगितलं. धुपाटणं तुम्ही घ्या, म्हणाला. पट्टा कोण धरणार, ते फादरांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. फादरांनी सुकेळ्यांची पुडी त्याच्या हातात दिली. या वेळी त्याने घेतली, आणि साकवापर्यंत पोचेस्तोवर संपवली.

सणाच्या दिवशी मिस्सा एकच झाला. चर्च इतकं भरलं की माणसं पायऱ्यांवर उभी होती. तरी मधली वाट सोडून बंदर एका बाजूला आणि मळा दुसऱ्या बाजूला बसला होता. सवय एका दिवसात जात नाही. जेरोमने प्रवचन लहान केलं. विनम्रतेवरचं एक फार सुंदर वाक्य त्याने रात्रीच तयार ठेवलं होतं, ते वेदीवर आल्यावर त्याने गिळून टाकलं. शेवटी सांगितलं, आज धुपाटणं फादर इनास धरतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खूप वेळ वाजवल्या. त्याने मनातल्या मनात त्या मोजल्याच.

डोली उठली तेव्हा तो फादर इनासांच्या पाठीला पाठ लावून उभा होता. घंटावाला बिचारा गोंधळून बाजूला झाला.

जेरोमला वाटलं होतं, लोक बघतील. प्रमुख धर्मगुरू आज घंटावाल्याच्या जागी, अशी कुजबुज होईल, दोन माणसं एकमेकांना कोपराने ढोसतील. कुणीही बघितलं नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना बायका मेणबत्त्या घेऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे त्याच्या डोक्यावरून मागे लागले होते, माऊलीवर आणि धुराआडच्या म्हाताऱ्यावर. त्याच्या वाट्याला रस्ता आला होता, नुसता रस्ता.

“गटार. डावीकडे या,” तो म्हणाला. “आता सरळ.”

मत्सर होताच. प्रत्येक घरासमोर तो नव्याने चावत होता. पण हाताला पट्टा होता, आणि पट्ट्याला म्हाताऱ्याचं सगळं वजन.

“खडी आहे. पाय उचलून टाका.”

मळ्याच्या केळी संपल्या, बंदराकडून खारा वारा येऊ लागला. जेरोमला कळलं, ती जागा आली. चुन्याची पट्टी कधीच पुसून गेली होती, पण त्याच्या पायांना ती ठाऊक होती. पट्टीच्या जागेवरून त्याचं पाऊल पडलं आणि मागे पट्ट्याला हिसका बसला. फादर इनास थांबले होते.

धुपाटण्याची साखळी वाजायची थांबली. बँड थांबला. अख्खा गाव गप्प झाला.

मागे लाकूड करकरलं. पावलं घासली. कुणाचा तरी श्वास वर चढलेला ऐकू आला, आणि एका बाईने माऊलीचं नाव घेतलं. मग बावतीसचा आवाज, हळू, एखाद्या घरच्या माणसाला हाक मारावी तसा.

“पास्कूदादा, खांदा दे.”

यासाठी जेरोमने दोन वर्षं वाट पाहिली होती. ते त्याच्या पाठीमागे दहा हातांवर घडत होतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर होता मोकळा, रिकामा रस्ता. त्याची मान आपोआप वळायला लागली. पट्ट्यावरची त्याची बोटं सैल झाली.

“फादर,” तो कुजबुजला, “बदलले का खांदे?”

...

“डोली वर आहे ना? टेकली तर नाही?”

...

मागच्या पाठीला हुंदका येत होता की हसू, ते पाठीवरून कळेना.

“फादर... मी एकदाच वळून बघू?”

धुपाटण्याची साखळी पुन्हा वाजू लागली. पाठ पाठीवर रेलली.

“पुढे खड्डा आहे का,” फादर इनास म्हणाले, “तेवढं सांग.”